मधला रकाना

“लिहा, लक्ष वेधून घ्यायला किंचाळते,” मुख्याध्यापिका मला म्हणाल्या. समोर रेवतीची आई बसली होती. मुलीला शाळेतून काढण्याच्या अर्जावर तिची फक्त सही राहिली होती.

“मी असलं काही लिहिणार नाही,” मी म्हटलं. विशेष शिक्षिका म्हणून मी दुसरीच्या वर्गात मागे बसून रेवतीच्या नोंदी केल्या होत्या. तीन रकाने: आधी काय झालं, तिने काय केलं, नंतर काय झालं. बाईंनी फक्त मधला वाचला होता.

“पहिला वाचा. तेवीस किंकाळ्या, त्यातल्या एकवीस टाळ्यांनंतर. कुणाचं उत्तर बरोबर आलं की आपण सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावतो. आता तिसरा वाचा. दर वेळी तिला व्हरांड्यात एकटीला बसवलं आणि ती लगेच शांत झाली. तिथे कुणाचं लक्ष होतं तिच्याकडे? टाळ्यांचा आवाज सहन होत नसेल तर किंचाळायचं, हे आपणच तिला शिकवलंय.”

“मग एकीसाठी चाळीस मुलांच्या टाळ्या बंद करू?”

“सोमवारपासून बंदच आहेत. वर्गशिक्षिकेने आणि मी केल्या, तुम्हाला न विचारता.” मी शेवटचं पान उलटलं. वर चार दिवसांच्या तारखा होत्या, खाली तिन्ही रकाने कोरे.

बाई लालबुंद झाल्या. आई मात्र त्या कोऱ्या पानावरून हात फिरवत राहिली. “म्हणजे सोमवारपासून ती वर्गातच बसतेय?”

“शाळा सुटेपर्यंत.”

तिने पेनाला टोपण लावलं आणि ते बाईंच्या हातात परत दिलं.