सतरा नंबरचा पंच

"हा जोड कोणाचा?" तपासनीसाने एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. जोडात बुडबुडे होते, मोहरीएवढे. शेजारी पोलादावर ठोकलेला आकडा स्पष्ट होता. तेवीस.

तेवीस म्हणजे नवल. भुसावळच्या त्या वर्कशॉपात युद्धनौकेच्या पाइपांचं वेल्डिंग दोघंच करत. प्रत्येकाने आपल्या जोडाशेजारी आपल्या नंबरचा पंच, म्हणजे आकडा उमटवणारा पोलादी ठसा, ठोकायचा, हा नियम. नौका किनाऱ्यालगत पाणबुड्या शोधणार होती. पाइप फुटला तर कोणाला धरायचं, ते कळायला हवं.

"हाऊ जोड मना नही शे, साहेब," नवल म्हणाला.

"मग नंबर कोणी ठोकला, पाणबुडीने?" मालक बन्सीलालशेठ हसले नाहीत. "अमीनचाचांचे एकेचाळीस जोड, एकात खोट नाही. तुझे सहा, त्यात हा. पंच जमा कर आणि घरी जा."

नवलने उस्तादाकडे पाहिलं. अमीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चार महिने त्याचे जोड नवलच मारत होता आणि त्यावर अमीनचा सतरा ठोकत होता. ज्याने वेल्डिंग शिकवलं, त्याची नोकरी आपल्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायची नव्हती. फक्त शनिवारी अमीन म्हणाला होता, "हात गंजतोय बेटा. एक मला मारू दे." आणि नवलने मारू दिला होता.

"पोरगा घाई करतो, साहेब," अमीन आता म्हणाला. "किती वेळा सांगितलं."

नवलने पेटी उपसली. तेवीसचा पंच सापडेना. अमीनने तो खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या पायाशी पडला होता."

नवल त्या पंचाकडे बघत राहिला. मग पेटीतून दुसरा काढून त्याने शेजारी ठेवला. सतरा.

"चार महिनापाईन हाऊ मनाकडेच शे."

अमीनने टेबलाची कड धरली. तपासनीसाने दोन्ही पंच उचलून पाहिले.

"म्हणजे कुठला जोड कोणाचा, हे आता सांगता येणार नाही." त्याने फिल्मा पाकिटात भरल्या. "सगळे कापा."

दोघांनाही त्याच दिवशी काढलं. जोड कापायला दोन दिवस लागले. एकूण सत्तेचाळीस. त्यातले सेहेचाळीस निर्दोष होते.