दहा मिनिटांसाठी बंद

‘बारा मिनिटं द्या, डॉक्टरीणबाई. तेरावं मागितलं तर सांगा.’

‘आणि तेवढ्यात मूत्रपिंड दारात आलं, तर यादी काय भिंतीवर वाचू?’ प्रत्यारोपण विभागाच्या प्रमुख फोनवर कडाडल्या. ‘तासाभरात गाडी पोहोचते आहे. आज सर्व्हर बंद होणार नाही.’

फोन आपटला गेला.

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. रुग्णालयाच्या तळघरातली ती खोली यंत्रांसाठी गारठवून ठेवलेली होती, तरी तिच्या कपाळावर घाम होता. सोळा वर्षे हे सर्व्हर तिने पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. त्यांच्यासाठी असे गयावया करण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

सकाळी आठला सूचना जाहीर झाली होती. सर्व्हरच्या कर्नेलमध्ये, म्हणजे साऱ्या यंत्रणेच्या गाभ्यातच, भोक सापडले होते. रुग्णालयातला साधा कारकूनही त्यातून शिरून यंत्राचा मालक होऊ शकत होता, आणि शिरलेल्याचे नाव कोणत्याही नोंदीत उमटत नव्हते. ठिगळ आले होते, तिने ते चढवलेही होते. पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज जुनेच कर्नेल चालत राहणार होते, भोकासकट.

आणि त्याच यंत्रावर मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या त्रेपन्न जणांची यादी होती. पहिले नाव तिच्या लेकीचे.

‘नाही म्हणाल्या ना? बरंच झालं, ताई,’ शेजारच्या खुर्चीतून तिचा सहकारी म्हणाला. प्रत्येक गोष्टीत खोट काढण्याच्या सवयीमुळे सगळे त्याला शंकासुर म्हणत. ‘आधी मेमरीची प्रत काढू. कोणी येऊन गेलं असेल तर खुणा तिथेच सापडतील. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जाईल.’

‘किती वेळ लागेल?’

‘पाऊण तास.’

‘म्हणजे दार सताड उघडं ठेवून चोराच्या पावलांचे ठसे मोजत बसायचं?’

‘पण आलाच असेल कोणी, तर?’

‘शंकासुर, माझी पोरगी तिसऱ्या मजल्यावर पडली आहे. तिचं नाव खाली ढकलायला कोणाला पाऊण तास लागत नाही. चार मिनिटं पुरतात.’

ती उठली आणि लिफ्टची वाट न पाहता जिना चढू लागली.

तिसऱ्या मजल्यावर लेकीच्या हाताला डायलिसिसच्या नळ्या लावलेल्या होत्या. चेहरा खडूसारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती.

‘आई, पहिला नंबर! शाळेत कधी आला नाही, तो इथे आला बघ.’

‘गप्प पडून राहा.’

‘पेढे नकोत, निदान हसून तरी दाखव.’

तिला हसता आले नाही. पोरीच्या केसांवरून हात फिरवून ती थेट प्रमुखांच्या खोलीत शिरली. कोणापुढे वाकणे तिच्या स्वभावात नव्हते. आज तिने हात जोडले.

‘गाडी यायच्या आत हे झालं पाहिजे, डॉक्टरीणबाई. नंतर केलं तर काय उपयोग?’

‘तुमची मुलगी पहिली आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय तुमचा.’

‘लागलाय. आई आहे मी.’

प्रमुखांनी चष्मा काढून डोळे चोळले. ‘दहा मिनिटं. अकरावं नाही.’

ती धावतच तळघरात उतरली. शंकासुर काही म्हणायच्या आत तिने आज्ञा दिली. पडदा काळा झाला, आणि खोलीतली घरघर एका यंत्राने कमी झाली.

तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर एकच ओळ उमटली. नव्या कर्नेलला डिस्क ओळखू येईना.

‘तरी मी म्हणत होतो—’

‘मग आता म्हणू नका. घड्याळ बघा.’

तिने जुने कर्नेल उठवले, डिस्कसाठी लागणारा राहिलेला भाग नव्यात घातला आणि यंत्र पुन्हा खाली घेतले. दोनदा चुकीची कळ दाबली गेली.

‘सात,’ शंकासुर म्हणाला. मग, ‘आठ, ताई.’ नववे त्याने मोजले नाही. तोही श्वास रोखून उभा होता.

साडेनऊ मिनिटांनी यंत्र जागे झाले. कर्नेलचा आकडा नवा होता. यादी उघडली, त्रेपन्न नावे. पहिले तेच.

ती होती तिथेच फरशीवर बसली.

‘आता ब्रह्मदेव आला तरी आत शिरत नाही,’ शंकासुर म्हणाला. ‘पाणी देऊ?’

अर्ध्या तासाने गाडी आली. लेकीला शस्त्रक्रियेसाठी आत नेले, दार मिटले, वरचा लाल दिवा लागला. बाहेरच्या बाकावर एक बसचालक खाकी गणवेशातच बसला होता. त्याने सरकून तिला जागा दिली.

‘तुम्ही संगणकातल्या ताई ना? एक विचारू? रागावू नका.’

‘विचारा.’

‘काल संध्याकाळी मोठ्या बाईंनी मला स्वतः यादी दाखवली होती. माझ्या बायकोचं नाव पहिलं होतं. तुमच्या मुलीचं अकरावं. आज म्हणतात, तपासण्या बदलल्या की क्रम बदलतो. पण हिची तर कालपासून एकही तपासणी झालेली नाही.’ त्याने टोपी गुडघ्यावर दाबून धरली. ‘ती आता उद्यापर्यंत काढत नाही, ताई. कोणी त्या यादीला हात लावू शकतं का हो?’

तिने लाल दिव्याकडे पाहिले.

‘आता नाही लावू शकत,’ ती म्हणाली, आणि सकाळी त्या यादीला लावलेला हात मांडीखाली दाबून बसली.