माइकमधला बिघाड

घशाच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी काका टॅक्सी कंपनीच्या वायरलेससमोर पुन्हा बसले. घरी सगळे म्हणायचे, “समजतंय की तुमचं बोलणं, बाबा.” त्यांनी बटण दाबलं. “गाडी सात, स्टेशनवर जा.” “काका, नुसती खरखर येतेय.” काकांच्या काळजात धस्स झालं. “माइक बिघडलाय वाटतं,” ड्रायव्हर म्हणाला, तसा जिवात जीव आला. त्यांनी माइकचा जुना प्लग उघडून भिंगातून एकेक तार तपासली. एकही सुटली नव्हती. तरी साऱ्या नव्याने सोल्डर केल्या, मनोमन हात जोडून. प्लग बसवला. “आता?” “तेच, काका.” इतके दिवस काम सांभाळणारी सून उठून आली. “बाबा, मी बघू?” तिने बटण दाबलं. “गाडी सात, ऐकू येतंय?” “खणखणीत, वहिनी! सापडला बिघाड!” सून गोरीमोरी झाली. काकांनी खुर्ची सोडली. तिला ‘बस’ म्हणायला तोंड उघडलं, पण शेवटी हातानेच खुणावलं.