भिंतीवरची साळूबाई

"फोटो म्हणजे पुरावा असतो, मावशी. देवानं जो रंग दिला, तोच कागदावर उतरला पाहिजे," शहागंजातल्या आपल्या फोटो-लॅबमध्ये ऋतुराज म्हणाला. स्क्रीनचे रंग तपासायचं यंत्र त्यानं नुकतंच विकत घेतलं होतं आणि त्याचं वजन आवाजात आलं होतं. एवढं बोलता बोलता त्यानं सवयीनं माउस फिरवला आणि साळूबाईचा आत्ताच काढलेला फोटो लग्नाला उभ्या असलेल्या मुलीइतका गोरा केला.

साळूबाई नवऱ्याबरोबर चितेगावहून आली होती. आपल्या माघारी भिंतीवर लागायचा फोटो आपल्या डोळ्यांदेखत निघावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. सासू गेली तेव्हा घाईनं मोठा करून आणलेला फोटो इतका उजळ निघाला, की पित्राला ताट ठेवताना नातवंडं अजून विचारतात, ही बाई कोणाची.

तिनं स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"ही कोण?"

"तुम्हीच, मावशी."

"मग माझं गोंदण कुठंय?"

ऋतुराजनं फोटो मोठा करून पाहिला. कपाळावरचं हिरवं गोंदण कंप्युटरनं डाग समजून साफ केलं होतं. सोबत शेळ्यांमागं उन्हात काढलेली सगळी वर्षंही.

"ऱ्हाऊ दे की," मागून तिचा नवरा सूर्यभान चष्मा सावरत म्हणाला. "बरी दिसती."

"मग हिलाच न्या घरी. भाकरी थापती का बघा."

सूर्यभान रस्त्यावरची रहदारी बघू लागला.

"लेकरा," ती ऋतुराजला म्हणाली, "पोरायनं मला वळखलं पायजे. नाय तर ताट माझ्या नावाचं, अन् जेवणार ही."

ऋतुराजनं माउस पुन्हा हातात घेतला. एकेक पायरी मागं जात त्यानं ऊन परत आणलं, सुरकुत्या आणल्या, शेवटी गोंदण आणलं. लहानसा नमुना छापून दारातल्या उजेडात तिच्या गालाशी धरला. जरा तांबूस वाटला. आत जाऊन पुन्हा छापला. या खेपेला गाल कुठं संपतो आणि कागद कुठं सुरू होतो, ते सूर्यभानलाही सांगता येईना.

साळूबाईनं नमुना हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग तिनं कागदावर, खांद्यापाशी बोट ठेवलं.

"तोंडावरच्या सुरकुत्या माझ्या हायेत, त्या असू दे. पदराच्या चुण्या एसटीतल्या गर्दीनं पाडल्या. तिथं तेवढी इस्तरी मार."