दाढेतल्या मंडळींची साक्ष

लेसरची बारीक नळी तोंडाशी आली, तशी खुर्चीत आडवे पडलेल्या रंगराव माळवद्यांची चुळबूळ वाढली. दाढ ठणकत होतीच, पण जीव खालीवर होत होता तो वेगळ्याच कारणानं. जंतूंची भाषा यंत्राला कळू लागल्यापासून कायदाच झाला होता. दाढेच्या मुळात लेसर सोडून जंतू मारण्याआधी त्यांचं म्हणणं एकदा ऐकून घ्यायचं.

आणि ते ऐकायला शेजारीच बायको, इंदुमतीबाई, बसल्या होत्या!

"ऐकायचं काय त्यात? जाळा आणि मोकळ्या व्हा," रंगराव डॉक्टरांवर खेकसले.

"काका, फाशीच्या कैद्यालाही विचारतात," म्हणत डॉक्टर कुरणेबाईंनी बटण दाबलं.

कर्ण्यातून किनरा आवाज आला, "मालक, आमचं काय चुकलं? एरवी कारल्याच्या रसावर दिवस काढतो बिचारे. गुरुवारी तेवढी चंगळ! बासुंदी, पेढे, वर पुन्हा बासुंदी!"

मधुमेह जडल्यावर रंगरावांनी बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन गोड सोडलं होतं. गुरुवारी तर ते निर्जळी उपास करून नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जात.

"माझ्या गळ्याची शपथ घेऊन?" इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या.

"डॉक्टर, सोडा हो तो लेसर!" रंगराव ओरडले.

नळी आत सरकणार, तोच इंदुमतीबाईंनी डॉक्टरांचा हात धरला.

"एवढ्यात मारू नका, बाई. पुढच्या गुरुवारी दर्शन झालं की यांना थेट इकडंच घेऊन येते."

कर्णा आनंदानं खरखरला, "येऊ की, मालकीणबाई!"