रंजनाचं बीपी
श्रावणी सोमवारी कुशाबाई लेकीला भेटायला शिनोलीला आली. आठव्या महिन्यातल्या रंजनाचे पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. "बीपी लई वाढलंय, आजच मोठ्या दवाखान्यात न्या," नर्सबाई सकाळीच बजावून गेल्या होत्या. दारात सासऱ्यांची जीप भीमाशंकरच्या भाविकांनी भरली होती. "एवढी खेप मारून येतो, मग नेऊ. गरवार बाईला सूज येतीच," सासरे म्हणाले. कुशाबाईनं जीपचं दार उघडलं. "उतरा समदे! माझी पोर मरतीय आन् ह्यांना खेप सुचतीय!" भाविक उतरले, सासऱ्यांना जीप मोठ्या दवाखान्याकडं वळवावी लागली. वाटेत रंजनाला झटके आले. दवाखान्यात इंजेक्शन वेळेत मिळालं, त्याच रात्री ती बाळंत झाली; बाळ-बाळंतीण वाचली. तिसऱ्या दिवशी सासरे पेढे घेऊन आले. "आपली जीप दारात व्हती म्हणून निभावलं," ते म्हणाले. कुशाबाई उसळून उठली, पण तिच्याआधी रंजना बोलली, "मामा, पेढे घेऊन जावा. मी आईकडं चाललेय."