सुझाना शूपचा फलक

"दोन व्हॅन भरून आलेत," शेरीफचा डेप्युटी रोनी म्हणाला. "नंबरप्लेट ओक्लाहोमाच्या."

वेंडेल क्रेसगीने मान वळवून पाहिलं. हमरस्त्याच्या कडेला, मक्याच्या शेतालगत मांडलेल्या खुर्च्यांवर गाव बसलं होतं. मागची रांग मघापर्यंत रिकामी होती. आता तिथे डेलावेअर या मूळ अमेरिकन जमातीची माणसं होती.

फलक अजून कापडाखाली होता. त्यावरची ओळ न् ओळ वेंडेलला पाठ होती. त्यानेच ती लिहिली होती.

सुझाना शूप. वय वर्षे सोळा.

"तरी मी सांगत होतो काका, 'रानटी' शब्द काढा."

"सतराशे पंचावन्न साली यांच्याच पूर्वजांनी तिचं घर पेटवलं, बाप मारला, तिला ओढत नेलं. मग काय, पाहुणे म्हणू?"

"काही म्हणू नका. पण आज घोषणा झाल्या, तर उद्या टीव्हीवर तुम्ही दिसाल. सुझाना नाही."

बायको गेल्यापासून वेंडेलने या फलकाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. सरकारी समितीने दोनदा नाकारला, तरी तो पुन्हा जाऊन बसला होता. आजचा दिवस नासला, तर त्याच्याकडे दुसरा नव्हता.

या जागी तिचं घर होतं. ते रानट्यांनी जाळलं.

तो सरळ मागच्या रांगेपाशी गेला.

"कुठून आलात?"

कडेच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. "बार्टल्सव्हिलहून. मी थर्मन. गाडीत बसून बसून पाठीचा पार भुगा झालाय."

"एवढ्या लांब? निषेधाला?"

"पेपरात वाचलं. म्हटलं, बघून यावं."

"काही बोलणार आहात?"

"कोणी विचारलं तर."

"इथे भाषण फक्त मी करतो."

"मग सुटलो," थर्मन म्हणाला. शेजारची बाई हसली.

वेंडेलची कानशिलं तापली. परत येऊन तो रोनीच्या कानाशी लागला. "त्यांच्या मागेच थांब. कोणी उठलं, की तिथेच अडव."

"उठणं हा गुन्हा नाही, काका."

"आज आहे."

तिला ओहायो नदीपलीकडे नेलं. ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

वेंडेलचं भाषण लांबलं. त्याची नजर कागदावर कमी आणि मागच्या रांगेवर जास्त होती.

"तिचा धाकटा भाऊ तळघरात लपून वाचला, पण पुढच्याच हिवाळ्यात तापाने गेला. मी या डोंगराच्या अलीकडचं एकही चर्च सोडलं नाही. सगळ्या नोंदी पाहिल्या. शूप नावाचं कोणी उरलं नाही. तिला साधं थडगंसुद्धा मिळालं नाही. तिच्यासाठी रडणारं कोणी नव्हतं."

शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज फाटला. मागच्या रांगेत कोणीतरी जोरात नाक शिंकरलं. रोनी एक पाऊल पुढे सरकला.

तिच्यासोबत हे घराणं संपलं.

आता कापड ओढायचं राहिलं होतं. इकडे तो मान घरच्या माणसाचा. घरचं कोणी नाही हे सगळ्यांना ठाऊक असलं, तरी आधी विचारायचं, मग समारंभाच्या अध्यक्षाने दोरी ओढायची. वेंडेलने दोरी मुठीत गुंडाळूनच घेतली होती.

पास्टर लोइसबाई पुढे आल्या. चष्मा लावून त्यांनी हातातला कागद वाचला.

"सुझाना शूपच्या रक्ताचं कोणी इथे असेल, तर त्यांनी उभं राहावं."

रीत म्हणून त्या क्षणभर थांबल्या.

मागे खुर्ची सरकली. थर्मन उठला. मग त्याच्या शेजारची बाई. मग तिची पोरं. मग अख्खी रांग. टोकाला चाकाच्या खुर्चीत बसलेल्या म्हातारीला उठता येईना. तिने हात वर केला.